खाचेच्या वर चार बोटं

आमच्या गल्लीतली अकराच्या अकरा घरं मी माझ्या हातानं पाडली, असा गडी तवा साऱ्या अलिबागेत दुसरा न्हवता. त्यातलं पहिलं घर माझंच व्हतं.

लोक अजून इचारतात, सोताचं घर पाडताना काय वाटलं? मी पण मनात हात घालून बघितलं, बंडीच्या खिशात इडी शोधावी तसं. काय सापडलं न्हाय. कुडाच्या भिंती कोलंबी सोलावी तशा निघाल्या. छपराचं गवत धुरानं काळं पडलंवतं, ते खाली आलं तवा त्यातनं एक पाल माझ्या डोक्यावर पडली. शेजारणी म्हणाल्या, शुभ का अशुभ ते जोशाला इचार. मी म्हणालो, पालीलाच इचारा, तिचं पण घर गेलंय. त्या हसल्या. त्या हसल्या म्हणून मी पुढची भिंत जरा जोरात ओढली. दुपारपर्यंत घर न्हवतं. मी हातपाय धुतले आन भाकर खाल्ली, दोन खाल्ल्या.

मी जातीचा कोळी, पण होडी डोलली का मला वांती व्हते. बापानं तीन खेपा मला दर्यावर न्हेलं आन तिन्ही खेपांना जाळ्यात आलं त्यापेक्षा माझ्या पोटातनं गेलं ते जास्त. चौथ्या खेपेला बाप म्हणाला, ह्याला जमिनीवर ठेवा, दर्याला लाज वाटते. मंग मी जमिनीवर जे मिळंल ते केलं. छपरं शाकारली, दगड वाहिले, लोकांची भांडणं ऐकली. शाळेचं तोंड बघितलं न्हाय. आता हे मी सांगतोय आन लिवणारं दुसरं कुणी हाय.

आमची गल्ली बाजारपेठेच्या मागं. पुढं दुकानं, मागं खाजणाची खारी दलदल, मधी आमी. कचेरीची घंटा आमच्या चुलीपाशी ऐकायला येई आन भरतीचं पाणी पण चुलीपाशीच येई. वर्सातनं दोन-चार उधाणं अशी, का पाणी खाजण सोडून गल्लीत चढायचं. बाया भाताची कणगी खाटेवर ठेवायच्या, कोंबड्या आड्यावर जायच्या, आन आमी बापये दारात उभं राहून, यंदा कमी हाय, यंदा जास्त हाय, असं बोलत बसायचो. तेवढंच आमचं काम.

त्या वर्सांत बाजाराचं रूप पालटत चाललंवतं. एकेक करून दगडी घरं उठत व्हती, मंगळुरी कौलांची. धरमतरची मोटार सुरू झालीवती, तिच्यासाठी रस्ता रुंद करायचा म्हणून पुढची वळचण सगळ्यांनी मागं घेतली. कोर्टाच्या कामाला माणगावची, पालीची माणसं यायची, त्यांना उतरायला जागा नसायची. वकिलाला जागा नाय, कारकुनाला जागा नाय. जागा व्हती ती आमच्या बुडाखाली. जागेचा मालक बाजारातला व्यापारी, वयस्कर, गोड बोलणारा. त्यानं ठरवलं का गल्ली काढायची आन दुमजली इमारत बांधायची. पुढं दुकानं, वर वकील-कारकून, आन मागच्या अंगाला खाली अकरा खोल्या जुन्या माणसांना. तुमचं तुमालाच देतो, नवं करून देतो, असं तो म्हणाला. कागदावर सगळ्यांचे अंगठे पायजे व्हते.

माझा अंगठा तर शाईत बुडायला येका पायावर तयार व्हता. बायको आडवी आली. ती मला म्हणाली, का आधी मालकाला इचारा, भुई कोरडी देतो काय. बाकी कायपण देऊ दे, नको देऊ दे.

ती असं का म्हणाली ते सांगायला पायजे. आमची पहिली मुलगी ओल्या भुईच्या घरात तापानं गेली. उधाण येऊन गेलंवतं, आठ दिस भुई सुकली न्हवती. चार महिन्यांची व्हती. मला सगळ्याची मस्करी करता येते, ह्याची येत न्हाय, म्हणून मी ह्याच्यापुढं बोलत न्हाय.

मी मालकाला इचारलं. तो म्हणाला, का पाणी कुठवर येतं ते तुमा लोकांना ठावं, आमाला काय कळतं? तुमी सांगाल तेवढं जोतं उचलतो. पण उगाच हात-हात भर घालायला लावू नका, भरावाची माती काय आभाळातनं पडत न्हाय. मी घरी येऊन बायकोला सांगितलं का आपण सांगू तेवढं जोतं. ती म्हणाली, मंग नीट सांगा. अंगठे झाले.

आता आमच्या घरातल्या मधल्या खांबाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावर हाय. खांब खैराचा, आज्याच्या येळचा. मी पाळण्यात असताना एकदा असं उधाण आलं का म्हाताऱ्यांनी पण तसं बघितलं न्हवतं. बापानं गुडघाभर पाण्यात उभं राहून, पाणी जिथं टेकलंवतं तिथं खांबाला कोयत्यानं खाच पाडली. मंग मला कळायला लागलं तवा बाप सांगायचा, दर्या ह्याच्या वर जायचा न्हाय, ह्याच्या वर जो भुई घालील त्याचं भात भिजायचं न्हाय. मी इचारायचो, मंग आपण का नाय घातली? बाप म्हणायचा, घातली असती, पण मंग छप्पर डोक्याला लागलं असतं.

बाप गेल्यावर पाच-सहा वर्सांनी खांबाचं बूड कुजलं. खाऱ्या ओलीनं कुजतंच. मी करवत आणली आन खालनं वीतभर कापून टाकला. कापल्यावर खांब वर लोंबायला लागला, छप्पर खांबाला धरून व्हतं, खांब छपराला धरून न्हवता. शेजारी बघायला आले. मंग एक वीतभर उंचीचा चौकोनी काळा दगड कुठनं तरी आणला, तो खाली सारला, आन खांब परत उभा. खाच आपल्या जागेवर, होती तिथंच. मी चार दिस सगळ्यांना तो दगड दावत व्हतो.

घर पाडलं तवा खांब भायेर काढून ढिगावर टाकला. दगड राहिला तिथंच. आमाला बाजाराच्या पलीकडं माळावर झोपड्या घालून दिल्यावत्या, इमारत होईस्तवर ऱ्हायला. तिथं कपडे धुवायला काय न्हवतं. म्हणून बायकोनं शेजारच्या आत्याला हाताशी घेतलं आन दोघींनी तो दगड लोळवत माळावर न्हेला. आत्या म्हणजे माझी आत्या न्हवे, साऱ्या गल्लीची. नवरा, पोरगा दोघं दर्यानं न्हेलेले, येक पोरगी लगीन करून दिलेली, बोंबील सुकवायची, इकायची, आन कुणाचं ऐकायची न्हाय. तिचं घर मी सगळ्यात शेवटी पाडलं.

तिसऱ्या दिशी बांधकामाचा मुकादम आला. घाटावरचा माणूस, अंगानं मोठा, पाणी म्हणजे त्याला इहिरीतलं ठावं. तो गल्लीत उभा राहून इचारायला लागला, का उधाणाचं पाणी कुठपर्यंत चढतं. दहा जण व्हते, दहा हात दहा जागी गेले. एक म्हणाला घोट्यापर्यंत, एक म्हणाला मांडीपर्यंत. आत्या आपल्या ओट्यावर बोंबील चाळत व्हती. ती म्हणाली, भादव्यातल्या अवसेला ये आन सोता उभा राहून बघ, तुला पण कळंल आन दर्याला पण कळंल. मुकादमाला भादव्यापर्यंत थांबायला येळ न्हवता.

तवा मी पुढं झालो. मी म्हणालो, असं बोटं दावून काय व्हतं, आमच्याकडं लिवलेलं हाय. मुकादम म्हणाला, कुठं? मी ढिगावरचा खांब उचलला, खांद्यावर घेतला, आन आमच्या घराच्या जागेवर आणला. भिंती न्हवत्या पण भुई अजून तशीच व्हती, सारवलेली. खांबाची जागा शोधायला लागलीच न्हाय. तिथं भुईला चौकोनी ठसा उमटलावता, ओलसर, काळा. मला वाटलं, बघा, घर पण साक्ष देतंय. त्या चौकोनाच्या मधोमध खांब उभा केला.

आज सांगताना वाटतं, तो चौकोन माझ्याकडं बघत असणार. खांब गोल, ठसा चौकोनी. पण मला तवा आजूबाजूची माणसं दिसत व्हती, ठसा न्हाय.

बापाची खाच मुकादमाला दावली, बापाची गोष्ट सांगितली, कोयता, गुडघाभर पाणी, सगळं सांगितलं. मुकादमाला पटलं. त्यानं पातळी बघायची पाणसळ काढली, सुतळी काढली.

ओट्यावरनं आत्या बघत व्हती. ती म्हणाली, "खांब बुटका झाला का रं, मेल्या?"

मी म्हणालो, "आत्ये, घरातनं भायेर आला का मोठ्यातला मोठा पण बारीक दिसतो. तुझा जावई बघ."

सगळे हसले. मुकादम पण हसला, त्याच्या हातातली सुतळी हालली, ती त्यानं परत ताणली. आत्या हसली न्हाय, ती परत बोंबील चाळायला लागली. लोक हसले का माझं डोकं तिथंच थांबतं. त्या येळी कुणी मला माझं नाव इचारलं असतं तरी मी मस्करीच केली असती.

मुकादमानं खाचेच्या सरळीत कोपऱ्यावर खुंटी ठोकली. मंग मला म्हणाला, वर किती धरू? मी मनात बायकोचा इचार केला आन म्हणालो, चार बोटं वर धरा, माझ्या घरच्यांसाठी. त्यानं चार बोटं वर धरली. मी माळावर जाऊन बायकोला सांगितलं, का बाबाच्या खाचेच्या वर चार बोटं. ती तवा त्या दगडावर माझीच बंडी आपटत व्हती. तिनं मान हलवली. मी दगडाकडं बघितलं, बंडीकडं बघितलं, आन म्हणालो, हळू आपट, शिवण जाईल.

मंग बाकीची घरं पाडली. माणसं रडली, काही घराला पाया पडली, एकानं दाराची कडी काढून कनवटीला लावली. मी कूड ओढत व्हतो. आत्याचं घर आलं तवा ती आत बसून ऱ्हायली. मी दारात उभा. ती म्हणाली, "नव्यात पाणी येणार न्हाय म्हणतोस?" मी म्हणालो, न्हाय. ती म्हणाली, "दर्यानं सांगितलं का तू सांगतोस?" मी म्हणालो, बाबानं सांगितलं. तवा ती उठली. माझ्या बापाच्या शब्दाला तिच्याकडं किंमत व्हती.

पुढचा पावसाळा झोपडीत गेला. सरपण ओलं, चूल पेटंना. तो खैराचा खांब मी कुऱ्हाडीनं फोडला आन चुलीत घातला. खैर चांगला जळतो. खाचेचा तुकडा कधी गेला ते ध्यानात न्हाय, त्याच्यावर भात झाला का कालवण ते पण न्हाय.

इमारत मी सोता बांधायला लागलो म्हणजे काय, दगड वाहिले, चुना मळायच्या घाणीमागं फिरलो. जोत्यात भर पडत व्हती तवा जो येईल त्याला मी सांगायचो का हे जोतं माझ्या बापानं घातलंय. गवंडी मला 'जोत्याचा मालक' म्हणायला लागले. त्याच पावसाळ्यानंतर आमाला मुलगा झाला, झोपडीत. बायको रोज इचारायची, कितवर आलं? मी रोज सांगायचो, आलं, आलं.

वैशाखात खोल्या मिळाल्या. एक दार, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी, खाली फरशी. बायको आत गेली, खाली बसली, आन तिनं तळवा फरशीला लावला. उलटा करून बघितला. परत लावला. खोलीभर तिनं असं केलं, चारी कोपऱ्यांत. मी दारात उभा राहून म्हणालो, भविष्य बघतेस काय फरशीचं? मला वाटतं ती खूश व्हती, पण मला तिचं खूश असणं ओळखता येत न्हवतं, सवय न्हवती.

धुवायचा दगड पण ती माळावरनं घेऊन आली. मोरीत बसंना, म्हणून दाराजवळ फरशीवर ठेवला आन त्याच्यावर पाण्याची कळशी ठेवली.

पहिल्या पावसाळ्यात उधाणं बेताची आली. पाणी जोत्याच्या खाली दोन-चार बोटं ऱ्हायलं आन गेलं. लोक म्हणाले, वा. मी म्हणालो, मी काय सांगितलंवतं? मालकानं मला बाजारात हाक मारून पानसुपारी दिली. मी त्या वर्साला जरा छाती काढून चालायचो, बायको म्हणायची, पोट दिसतं, छाती न्हाय.

दुसऱ्या वर्साला नारळी पुनवेला आमी सगळे किनाऱ्यावर गेलो. लोकांनी नारळ सोडले, हात जोडले, होड्या सांभाळ म्हणाले. मला होडी न्हवती. मी नारळ सोडला आन मोठ्यानं म्हणालो, देवा, येकदा आमच्याकडं ये, नवं घर बघून जा, आता आमच्याकडं बसायला फरशी हाय. लोक हसले. आत्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला.

दोन दिसांनी दुपारी तो आला.

ढग भरले व्हते, वारा खाजणाकडनं, आन पाऊस सकाळपासनं. आधी मोरीच्या भोकातनं पाणी आलं, बुडबुडे काढत. मी भोकात फडकं कोंबलं. मंग उंबऱ्यावरनं आलं. आवाज न्हाय, घाई न्हाय, पाहुणा दारात चपला काढतो तसं थोडं थांबलं आन आत आलं. फरशीवर पसरलं. घोटा बुडला, मंग वर. अकराच्या अकरा खोल्यांत. वर वकील-कारकून गॅलरीत येऊन बघत व्हते.

झोळी वर टांगलेली, मुलगा तिच्यात झोपलावता. भात भिजलं, गोधड्या भिजल्या, आत्याच्या सुक्या मासळीची टोपली तरंगत चाळीच्या टोकापर्यंत गेली. आमच्या खोलीत झोळी सोडली तर कोरडी ऱ्हायली ती एकच वस्तू, पाण्याची कळशी.

गल्लीतले सगळे पाण्यात उभे राहून मुकादमाला शिव्या देत व्हते. तो कवाच दुसऱ्या कामावर गेलावता. त्यानं मालकाचा भराव वाचवला, सुतळी खाली धरली, खुंटी हलवली, जो तो आपल्या मनाचं सांगत व्हता. सगळ्यांत मोठा आवाज माझा. मी म्हणालो, घाटावरच्याला दर्याचं काय कळतंय, बाबाची खाच मी त्याच्या नाकासमोर उभी केलीवती. आत्या आपल्या दारात, लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन उभी. ती शिव्या देत न्हवती. ती माझ्याकडं बघत व्हती, खांबाकडं बघितलंवतं तशी.

मी आत आलो. बायको दाराजवळ वाकून उभी व्हती. कळशी तिनं उचलून काखेत घेतलीवती आन दगडाकडं बघत व्हती. दगड पाण्यात उभा, वरचं थोडं अंग पाण्याच्या भायेर. तिनं हात पुढं केला, दगडाच्या माथ्यापासनं पाण्यापर्यंत बोटं लावली. चार बोटं. बरोब्बर चार. मंग परत लावली, जसा फरशीला तळवा परत लावलावता.

मी बघत व्हतो. ती सरळ झाली. माझ्याकडं बघितलं न्हाय, खांबाचा दगड हळूच पायानं हलवून बघितला. मला तवा सगळं कळलं. चौकोनी ठसा, आत्याचं बोलणं, माळावर आपटलेली बंडी, दगडाविना वीतभर खाली उतरलेली खाच, सगळं येकदम, आन तरी आत काय हाललं न्हाय. खिशात हात घातला, रिकामा. मला वाटलं आता ती रडंल, न्हायतर शिव्या देईल, आन भायेरचे सगळे ऐकतील का मुकादमाचा काय दोष न्हवता.

ती हळूच बोलली, माझ्यापुरतं.

"मामंजींची खाच खरी व्हती."

मी म्हणालो, "चार बोटं वर धरायला मी सांगितलंवतं." आन अजून काय तरी मस्करीचं बोलणार व्हतो, पावसात तोंड उघडलं का पाणी जातं तसं माझ्या तोंडात ते आपोआप येतं. मी म्हणालो, दगडानं तरी हाक मारायची व्हती.

भायेर परत कुणी तरी मुकादमाच्या आईला शिवी दिली. बायकोनं कळशी परत दगडावर ठेवली, झोळीची गाठ घट्ट करून बघितली, मोरीतलं तपेलं उचललं आन माझ्या हातात दिलं.

"उपसा आता," ती म्हणाली. "त्याला माप लागत न्हाय."